भारताचे हवामान बदलविषयक धोरण

भारताचे हवामान बदलविषयक धोरण म्हणजे हरितगृह वायूंचे उत्सर्जन मर्यादित ठेवणे आणि हवामान बदलाच्या परिणामांशी जुळवून घेणे या दोन उद्देशांनी केंद्र व राज्य सरकारांनी केलेले कायदे, आराखडे, योजना आणि आंतरराष्ट्रीय वाटाघाटींतील भूमिका यांचा समुच्चय होय. दारिद्र्य निर्मूलन आणि पर्यावरण रक्षण ही कामे एकाच वेळी, शक्य असेल तेथे एकाच उपायाने करावीत, हे या धोरणाचे मूळ सूत्र आहे. असा उपाय विकासासाठी हाती घेतला जातो आणि त्यातून हवामानाचेही हित साधले जाते. धोरणाच्या परिभाषेत याला 'सहलाभ' असे म्हणतात.

सन २००८ मध्ये जाहीर झालेला राष्ट्रीय हवामान बदल कृती आराखडा, २०१५ साली पॅरिस करारासाठी सादर केलेले आणि २०२२ साली सुधारलेले राष्ट्रीय योगदान, तसेच २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याची घोषणा हे या धोरणाचे प्रमुख टप्पे आहेत. विकासाची गरज आणि हवामानाचे हित जेथे एकत्र येतात, तेथे या धोरणाला लक्षणीय यश मिळाले आहे. कोळसा, जमीन, वने आणि निधी या बाबतींत मात्र ही दोन हिते एकमेकांसमोर उभी राहतात आणि धोरणातील ताण उघड होतो.

## पार्श्वभूमी

### उत्सर्जनाचे स्वरूप

एकूण वार्षिक उत्सर्जनाच्या बाबतीत चीन आणि अमेरिका यांच्यानंतर भारताचा क्रमांक लागतो. दरडोई उत्सर्जन मात्र जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. जगाच्या लोकसंख्येपैकी सुमारे १७ टक्के लोक भारतात राहतात, तर औद्योगिकीकरणाच्या आरंभापासून वातावरणात साचलेल्या उत्सर्जनातील भारताचा वाटा सुमारे ४ टक्के आहे. एकूण उत्सर्जन मोठे आणि दरडोई उत्सर्जन अल्प, या दुहेरी वस्तुस्थितीमुळे भारताच्या जबाबदारीविषयी परस्परविरोधी मते मांडली जातात.

भारताने संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या अहवालानुसार २०२० साली देशातील एकूण उत्सर्जन (जमिनीचा वापर व वने वगळून) २९५.९ कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतके होते. त्यात ऊर्जा क्षेत्राचा वाटा सुमारे ७६ टक्के, शेतीचा १४ टक्के, औद्योगिक प्रक्रियांचा ८ टक्के आणि कचऱ्याचा ३ टक्क्यांहून कमी होता. शेतीतील उत्सर्जन प्रामुख्याने गुरांच्या पचनक्रियेतून आणि भातशेतीतून होणाऱ्या मिथेनचे असते. त्याचा संबंध थेट लहान शेतकऱ्यांच्या उपजीविकेशी असल्याने हे क्षेत्र भारताने उत्सर्जन-कपातीच्या बंधनांपासून बहुतांशी दूर ठेवले आहे.

### हवामान बदलाचे परिणाम

देशातील वार्षिक पावसापैकी सुमारे तीन चतुर्थांश पाऊस नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपासून मिळतो आणि लागवडीखालील क्षेत्रापैकी जवळपास निम्मे क्षेत्र पावसावर अवलंबून आहे. त्यामुळे पावसाच्या वेळेत किंवा वितरणात होणाऱ्या बदलाचा परिणाम शेतीवर तातडीने होतो. मार्च २०२२ हा १९०१ पासूनच्या नोंदींतील भारतातील सर्वाधिक उष्ण मार्च महिना ठरला. ऐन दाणे भरण्याच्या काळात गव्हाला उष्णतेचा फटका बसला आणि त्याच वर्षी मे महिन्यात केंद्र सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. अतिवृष्टीचा धोका शहरांनाही आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. याशिवाय हिमालयातील हिमनद्यांचे आकुंचन, उष्णतेच्या लाटा, चक्रीवादळे आणि समुद्राच्या पातळीतील वाढ हे धोरणापुढील प्रमुख धोके मानले जातात.

## इतिहास

### स्टॉकहोम ते रिओ

सन १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी पर्यावरण परिषदेत तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी भाषण केले. पर्यावरणाचा प्रश्न दारिद्र्याच्या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. पुढील पाच दशकांत भारताने घेतलेल्या भूमिकांचे मूळ या भाषणात शोधले जाते. १९७६ साली ४२व्या घटनादुरुस्तीद्वारे राज्यघटनेत अनुच्छेद ४८-अ आणि ५१-अ (छ) समाविष्ट करण्यात आले. त्यांनुसार पर्यावरणाचे रक्षण हे अनुक्रमे राज्यसंस्थेचे मार्गदर्शक तत्त्व आणि नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरले. भोपाळ वायू दुर्घटनेनंतर १९८६ साली पर्यावरण (संरक्षण) अधिनियम संमत झाला.

हवामान बदलाच्या आंतरराष्ट्रीय कराराची तयारी सुरू असताना १९९१ साली दिल्लीतील 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट' या संस्थेच्या अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. भातशेतीतून किंवा गुरांपासून होणारे जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि मोटारगाड्यांसारख्या चैनीसाठीचे उत्सर्जन यांना एकाच मापाने मोजणे अन्यायकारक आहे, असा युक्तिवाद त्यांनी केला. वातावरण ही सर्व मानवांची सामाईक मालमत्ता आहे आणि तिच्यावरील हक्क दरडोई समान असावा, ही मांडणी पुढे भारताच्या अधिकृत भूमिकेतही दिसू लागली.

सन १९९२ मध्ये रिओ दि जानेरो येथील वसुंधरा परिषदेत संयुक्त राष्ट्रांचा हवामान बदलविषयक आराखडा करार स्वाक्षरीसाठी खुला झाला. भारताने त्याच वर्षी स्वाक्षरी केली आणि १९९३ साली कराराला अनुसमर्थन दिले. या कराराने 'समान परंतु भिन्न जबाबदाऱ्या' हे तत्त्व स्वीकारले. हवामानाचे रक्षण सर्व देशांचे कर्तव्य असले, तरी ज्यांनी अधिक उत्सर्जन केले आणि ज्यांची क्षमता अधिक आहे त्यांनी पुढाकार घ्यावा, असा या तत्त्वाचा आशय आहे.

### क्योटो ते कोपनहेगन

सन १९९७ च्या क्योटो प्रोटोकॉलने केवळ विकसित देशांवर उत्सर्जन-कपातीचे बंधन घातले. भारताने २००२ साली या प्रोटोकॉलला मान्यता दिली. त्याच वर्षी आराखडा करारातील देशांची आठवी परिषद नवी दिल्ली येथे झाली आणि तेथील जाहीरनाम्यात हवामान बदलाचा विचार शाश्वत विकासाच्या चौकटीत करण्यावर भर देण्यात आला. २००७ साली जर्मनीतील हायलिगेनडाम येथे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी भारताचे दरडोई उत्सर्जन विकसित देशांच्या दरडोई उत्सर्जनापेक्षा कधीही अधिक होऊ दिले जाणार नाही, असे आश्वासन दिले.

कोपनहेगन परिषदेपूर्वी, २००९ साली, भारताने प्रथमच स्वतःसाठी संख्यात्मक उद्दिष्ट जाहीर केले. २००५ च्या तुलनेत २०२० पर्यंत अर्थव्यवस्थेची उत्सर्जन तीव्रता (शेती वगळून) २० ते २५ टक्क्यांनी कमी करण्याचे हे ऐच्छिक उद्दिष्ट होते. उत्सर्जन तीव्रता म्हणजे देशाच्या स्थूल उत्पादनाच्या प्रत्येक एककामागे होणारे उत्सर्जन. अर्थव्यवस्था वाढत असेल, तर तीव्रता घटूनही एकूण उत्सर्जन वाढू शकते. विकासाला मर्यादा न घालता त्याची कार्यक्षमता वाढवण्याचा पर्याय या मापामुळे उपलब्ध होतो. याच सुमारास ब्राझील, दक्षिण आफ्रिका, भारत आणि चीन यांनी 'बेसिक' हा वाटाघाटी-गट स्थापन केला.

### पॅरिस ते ग्लासगो

भारताने २ ऑक्टोबर २०१५ रोजी पॅरिस करारासाठीचे आपले नियोजित योगदान जाहीर केले आणि बरोबर एका वर्षाने, २ ऑक्टोबर २०१६ रोजी, कराराला अनुसमर्थन दिले. पॅरिस येथेच ३० नोव्हेंबर २०१५ रोजी भारत व फ्रान्स यांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय सौर आघाडीची घोषणा झाली. तिचे मुख्यालय हरियाणातील गुरुग्राम येथे आहे.

ग्लासगो येथील परिषदेत १ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पाच उद्दिष्टे जाहीर केली. त्यांचा उल्लेख 'पंचामृत' असा केला जातो. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट त्यांपैकीच एक होते. त्याच परिषदेच्या अखेरीस कोळशाचा वापर 'पूर्णतः थांबवणे' याऐवजी 'टप्प्याटप्प्याने कमी करणे' असा शब्दप्रयोग भारताच्या आग्रहाने अंतिम मसुद्यात करण्यात आला. या बदलावर अनेक द्वीपराष्ट्रांनी आणि युरोपीय देशांनी नाराजी व्यक्त केली. बंधन केवळ कोळशावर घालून तेल व नैसर्गिक वायू यांना मोकळीक देणे पक्षपाती आहे, अशी भारताची बाजू होती.

## राष्ट्रीय हवामान बदल कृती आराखडा

पंतप्रधानांच्या हवामान बदल परिषदेच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेला हा आराखडा ३० जून २००८ रोजी प्रसिद्ध झाला. त्यात पुढील आठ राष्ट्रीय अभियानांचा समावेश होता:

* सौर ऊर्जा अभियान
* वर्धित ऊर्जा कार्यक्षमता अभियान
* शाश्वत अधिवास अभियान
* जल अभियान
* हिमालयीन परिसंस्था संवर्धन अभियान
* हरित भारत अभियान
* शाश्वत शेती अभियान
* हवामान बदलविषयक सामरिक ज्ञान अभियान

अभियानांची प्रगती असमान राहिली. सौर अभियानाला निश्चित उद्दिष्ट, निधी आणि खाजगी गुंतवणूक मिळाल्याने ते वेगाने पुढे गेले. वनाच्छादन वाढवण्यासाठी ५० लाख हेक्टर आणि वनांचा दर्जा सुधारण्यासाठी आणखी ५० लाख हेक्टर, असे मोठे उद्दिष्ट घेतलेल्या हरित भारत अभियानाला त्या प्रमाणात निधी मिळाला नाही. मे २०१४ मध्ये केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाच्या नावात 'हवामान बदल' या शब्दांची भर घालण्यात आली.

## राष्ट्रीय योगदानातील उद्दिष्टे

सन २०१५ च्या मूळ योगदानात तीन संख्यात्मक उद्दिष्टे होती. २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जन तीव्रता ३३ ते ३५ टक्क्यांनी घटवणे हे पहिले, वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा ४० टक्क्यांपर्यंत नेणे हे दुसरे, आणि वने व वृक्षाच्छादन यांद्वारे २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड शोषला जाईल अशी अतिरिक्त व्यवस्था करणे हे तिसरे होते.

ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित योगदानाला मान्यता दिली. त्यात उत्सर्जन तीव्रतेतील घट ४५ टक्के आणि बिगर-जीवाश्म स्थापित क्षमतेचा वाटा ५० टक्के असा वाढवण्यात आला. ग्लासगोतील दोन घोषणा, म्हणजे ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमता आणि १०० कोटी टन उत्सर्जन-कपात, सुधारित योगदानात औपचारिक उद्दिष्टे म्हणून समाविष्ट झाल्या नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये शर्म अल-शेख येथील परिषदेत भारताने दीर्घकालीन अल्प-उत्सर्जन विकास रणनीती सादर केली.

सरकारी अहवालांनुसार २००५ ते २०२० या काळात उत्सर्जन तीव्रता ३६ टक्क्यांनी घटली. जून २०२५ अखेर बिगर-जीवाश्म स्रोतांनी स्थापित क्षमतेचा ५० टक्के वाटा गाठला, म्हणजेच हे उद्दिष्ट मुदतीच्या पाच वर्षे आधी पूर्ण झाले.

## ऊर्जा क्षेत्रातील धोरणे

### नवीकरणीय ऊर्जा

जानेवारी २०१० मध्ये सुरू झालेल्या सौर अभियानाचे मूळ उद्दिष्ट २०२२ पर्यंत २० गिगावॅट क्षमता हे होते. २०१५ साली ते १०० गिगावॅट करण्यात आले. पवन, जैव आणि लघुजल ऊर्जा धरून एकूण लक्ष्य १७५ गिगावॅट ठरवण्यात आले. हे लक्ष्य मुदतीत पूर्ण झाले नाही. विशेषतः घरांच्या व इमारतींच्या छपरांवरील सौर प्रकल्पांचे काम फार मागे राहिले. ही उणीव भरून काढण्यासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये एक कोटी घरांसाठी 'पीएम सूर्यघर' योजना सुरू झाली.

किमतीतील घट हे या क्षेत्रातील सर्वांत मोठे परिवर्तन ठरले. अभियानाच्या आरंभीच्या लिलावांत सौर विजेचा नीचांकी दर प्रति युनिट सुमारे ११ रुपये होता. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथील लिलावात तो २ रुपये ४४ पैशांपर्यंत उतरला. त्यामुळे सौर वीज ही कोळशाच्या नव्या विजेपेक्षा स्वस्त पर्याय म्हणून पुढे आली. देशी बनावटीची सौर उपकरणे वापरण्याच्या अटीविरुद्ध अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली होती. २०१६ साली तिचा निकाल भारताच्या विरोधात गेला.

### ऊर्जा कार्यक्षमता आणि ऊर्जेची उपलब्धता

ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ अन्वये ऊर्जा कार्यक्षमता विभागाची स्थापना झाली. २०१२ साली मोठ्या औद्योगिक घटकांसाठी ऊर्जाबचतीची लक्ष्ये आणि बचत प्रमाणपत्रांचा व्यापार सुरू करण्यात आला. २०१५ पासून राबवण्यात आलेल्या 'उजाला' योजनेत ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वितरित झाले. सरकारने एकत्रित खरेदी केल्यामुळे दिव्यांची किंमत झपाट्याने उतरली आणि कुटुंबांचे वीजबिल कमी होत असतानाच विजेची मागणीही घटली. सहलाभाचे हे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. २०२२ साली ऊर्जा संवर्धन अधिनियमात दुरुस्ती करून देशांतर्गत कार्बन बाजाराला कायदेशीर आधार देण्यात आला आणि २०२३ साली कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली.

मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेद्वारे गरीब कुटुंबांतील महिलांना स्वयंपाकाच्या गॅसच्या जोडण्या देण्यात आल्या. चुलीच्या धुरापासून सुटका हा तिचा मुख्य हेतू आहे. सिलिंडर पुन्हा भरून घेण्याचा खर्च परवडत नसल्याने अनेक घरांत गॅसबरोबर लाकूडफाटाही वापरला जातो, असे निरीक्षण अभ्यासकांनी नोंदवले आहे.

### कोळसा

नवीकरणीय ऊर्जेची क्षमता वाढली असली, तरी सूर्य आणि वारा चोवीस तास उपलब्ध नसल्याने प्रत्यक्ष वीजनिर्मितीतील त्यांचा वाटा क्षमतेच्या तुलनेत कमी राहतो. २०२३-२४ मध्ये देशातील सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशापासून निर्माण झाली. २०२४-२५ मध्ये देशातील कोळसा उत्पादनाने प्रथमच १०० कोटी टनांचा टप्पा ओलांडला.

कोळशावर २०१० साली प्रति टन ५० रुपये उपकर लावण्यात आला. तो टप्प्याटप्प्याने वाढत २०१६ साली ४०० रुपये झाला. यातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभारण्यात आला होता. विकसनशील देशाने स्वतःहून लावलेला कार्बन कर म्हणून त्याचा उल्लेख केला जात असे. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर या उपकराची जागा राज्यांच्या महसुली नुकसानभरपाईसाठीच्या उपकराने घेतली आणि त्याचा स्वच्छ ऊर्जेशी असलेला संबंध संपुष्टात आला.

## अनुकूलन

हवामान बदलाच्या परिणामांशी जुळवून घेण्याच्या उपायांना अनुकूलन म्हणतात. भारतात यांपैकी अनेक उपाय ग्रामविकास, शेती, आरोग्य किंवा आपत्ती व्यवस्थापन या नावांखाली राबवले जातात.

चक्रीवादळे: ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर आदळलेल्या महाचक्रीवादळात सुमारे १०,००० लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर राज्याने स्वतंत्र आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, चक्रीवादळ निवारे आणि गावपातळीपर्यंत पोहोचणारी इशारा यंत्रणा उभारली. २०१३ च्या 'फायलिन' आणि २०१९ च्या 'फनी' वादळांच्या वेळी प्रत्येकी सुमारे दहा लाख किंवा त्याहून अधिक लोकांना आधीच सुरक्षित स्थळी हलवण्यात आले आणि दोन्ही वेळा राज्यातील मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. घरे, झाडे आणि पिके यांचे नुकसान मात्र टाळता आले नाही.

उष्णतेच्या लाटा: मे २०१० मध्ये अहमदाबादेत तापमान ४६ अंश सेल्सियसच्या वर गेले. त्या महिन्यात शहरात नेहमीपेक्षा सुमारे १,३०० अधिक मृत्यू झाल्याचे नंतरच्या अभ्यासात आढळले. त्यानंतर २०१३ साली शहराने उष्णता कृती आराखडा लागू केला. दक्षिण आशियातील या प्रकारच्या पहिल्या आराखड्यात आगाऊ इशारे, रुग्णालयांची तयारी आणि पिण्याच्या पाण्याची सोय यांचा समावेश होता. पुढे अनेक शहरांनी व राज्यांनी त्याचे अनुकरण केले.

शेती आणि पाणी: भारतीय कृषी संशोधन परिषदेने २०११ साली हवामान-सक्षम शेतीसाठी राष्ट्रीय उपक्रम सुरू केला. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेतील शेततळी, बंधारे आणि मृदसंधारणाची कामे रोजगारासाठी सुरू झाली असली, तरी दुष्काळाशी सामना करण्यासही ती उपयुक्त ठरली. २०१६ पासून पंतप्रधान पीक विमा योजना राबवली जाते.

## राज्ये आणि शहरे

पाणी, शेती आणि जमीन हे विषय राज्यांच्या अखत्यारीत असल्याने धोरणाची अंमलबजावणी बरीचशी राज्य सरकारांवर अवलंबून असते. २००९ नंतर केंद्र सरकारच्या सूचनेनुसार राज्यांनी स्वतःचे कृती आराखडे तयार केले.

महाराष्ट्रात जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प राबवण्यात आला. पहिल्या टप्प्यात विदर्भ व मराठवाड्यातील दुष्काळप्रवण जिल्ह्यांसह सुमारे ५,००० गावांची निवड झाली. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचाही त्यात समावेश होता. गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडून पीक आणि सिंचन यांचे नियोजन करणे हे प्रकल्पाचे वैशिष्ट्य होते. २०२० साली राज्यात 'माझी वसुंधरा' अभियान सुरू झाले. मार्च २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेने हवामान कृती आराखडा प्रसिद्ध करून २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य ठरवले.

कृषी वीजवाहिन्यांना सौर प्रकल्पांतून वीज पुरवण्यासाठी महाराष्ट्राने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. शेतीला रात्रीच्या पाळीत वीज मिळत असल्याने शेतकऱ्यांना अंधारात, साप-विंचवांचा धोका पत्करून पिकांना पाणी द्यावे लागते. दिवसा वीज ही त्यांची जुनी मागणी आहे. सौर वीज दिवसाच निर्माण होत असल्याने ही मागणी आणि उत्सर्जन-कपात यांचा मेळ बसतो. दुसरीकडे, मोफत किंवा अत्यल्प खर्चाच्या सौर पंपांमुळे भूजलाचा उपसा वाढण्याचा धोकाही तज्ज्ञांनी दाखवून दिला आहे.

## न्यायालयीन निर्णय

सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी एम.के. रणजितसिंह विरुद्ध भारत सरकार या खटल्यात हवामान बदलाच्या प्रतिकूल परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे मान्य केले. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने हा निर्णय दिला.

खटल्याचा विषय माळढोक पक्ष्याचे संरक्षण हा होता. राजस्थान व गुजरातमधील माळरानांवर सौर व पवन प्रकल्पांच्या वीजवाहिन्यांना धडकून हे अतिसंकटग्रस्त पक्षी मरतात. म्हणून २०२१ साली न्यायालयाने विस्तीर्ण क्षेत्रातील वाहिन्या भूमिगत करण्याचा आदेश दिला होता. २०२४ च्या निर्णयाने तो सरसकट आदेश शिथिल करून तज्ज्ञ समितीकडे प्रश्न सोपवला. हवामानासाठी हितकारक प्रकल्प आणि जैवविविधतेचे रक्षण यांच्यातील संघर्षाचे हे प्रकरण उदाहरण मानले जाते.

## वित्तपुरवठा

सन २०१५ च्या योगदानात २०३० पर्यंतच्या कृतीसाठी किमान २.५ लाख कोटी अमेरिकी डॉलर लागतील, असा अंदाज देण्यात आला होता. त्यात केवळ अनुकूलनासाठीची गरज २०,६०० कोटी डॉलर होती. २०१५ साली स्थापन झालेल्या आणि नाबार्डमार्फत चालवल्या गेलेल्या राष्ट्रीय हवामान बदल अनुकूलन निधीतून ३० प्रकल्पांना मिळून सुमारे ८४७ कोटी रुपये मंजूर झाले. गरज आणि उपलब्धता यांतील अंतर या दोन आकड्यांवरून स्पष्ट होते. २०२३ च्या आरंभी केंद्र सरकारने प्रथमच १६,००० कोटी रुपयांचे हरित रोखे विक्रीस काढले.

विकसित देशांनी २००९ साली विकसनशील देशांसाठी २०२० पर्यंत दरवर्षी १०,००० कोटी डॉलर उभारण्याचे आश्वासन दिले होते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या हिशेबानुसार ते २०२२ साली, म्हणजे दोन वर्षे उशिरा, पूर्ण झाले. त्यात कर्जांचा वाटा मोठा असल्याने विकसनशील देशांनी या हिशेबावरच आक्षेप घेतले. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकू येथे २०३५ पर्यंत दरवर्षी ३०,००० कोटी डॉलरचे नवे लक्ष्य ठरले. ही रक्कम अपुरी असल्याचे सांगून भारताने तो निर्णय स्वीकारण्यास नकार दिला. युरोपीय संघाने पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम इत्यादी आयात मालावर कार्बन आकार लावण्यासाठी केलेल्या नियमांनाही भारताचा विरोध आहे.

## टीका आणि मतभेद

उद्दिष्टांचे स्वरूप: स्थापित क्षमतेचे उद्दिष्ट प्रत्यक्ष वीजनिर्मितीतील बदल दाखवत नाही आणि उत्सर्जन तीव्रता घटूनही एकूण उत्सर्जन वाढतच राहते, असा आक्षेप घेतला जातो. दरडोई वीजवापर अत्यल्प असलेल्या देशावर एकूण उत्सर्जनाची मर्यादा घालणे म्हणजे विषमता गोठवणे होय, असे यावर सरकारचे व अनेक भारतीय अभ्यासकांचे उत्तर आहे.

देशांतर्गत विषमता: राष्ट्रीय सरासरीच्या आधारे समन्यायाची मागणी करताना देशातील संपन्न वर्गाचे मोठे उत्सर्जन गरिबांच्या अल्प उत्सर्जनाआड झाकले जाते, अशी टीका देशातील पर्यावरण संघटनांनी केली आहे. आंतरराष्ट्रीय मंचावर मांडले जाणारे तत्त्व देशातही लागू व्हावे, अशी त्यांची अपेक्षा आहे.

वनांची व्याख्या: भारतीय वन सर्वेक्षण एक हेक्टरहून मोठ्या आणि १० टक्क्यांहून अधिक वृक्षछत्र असलेल्या प्रत्येक क्षेत्राची नोंद वनाच्छादनात करते. त्यामुळे फळबागा व एकसुरी लागवडही वनांत मोजली जाते. नैसर्गिक जंगलाच्या बदल्यात केलेली लागवड कार्बनचा हिशेब भरून काढते, पण जैवविविधता आणि वनांवर अवलंबून असलेल्या समाजांचे हक्क यांची भरपाई करत नाही, असे टीकाकारांचे म्हणणे आहे.

कायदेशीर चौकट: हवामान बदलावर स्वतंत्र सर्वंकष कायदा नसल्याने अभियाने प्रशासकीय निर्णयांवर अवलंबून राहतात. रणजितसिंह खटल्याच्या निकालातही अशा कायद्याच्या अभावाची नोंद घेण्यात आली.

## न्याय्य स्थित्यंतर

कोळशापासून दूर जाताना त्यावर अवलंबून असलेल्या कामगारांचे आणि प्रदेशांचे हित जपण्याच्या प्रक्रियेला न्याय्य स्थित्यंतर म्हणतात. झारखंड, छत्तीसगड, ओडिशा, पश्चिम बंगाल, मध्य प्रदेश तसेच महाराष्ट्रातील चंद्रपूर परिसर यांची अर्थव्यवस्था खाणी आणि औष्णिक वीज केंद्रांभोवती वाढली आहे. कायम कामगारांबरोबरच कंत्राटी मजूर, मालवाहतूकदार आणि लहान दुकानदारही त्यांवर विसंबून आहेत. सौर व पवन ऊर्जेचे प्रकल्प प्रामुख्याने देशाच्या पश्चिम व दक्षिण भागात उभे राहत असल्याने रोजगार जाणारी ठिकाणे आणि नवा रोजगार निर्माण होणारी ठिकाणे वेगवेगळी आहेत.

झारखंड सरकारने २०२२ साली या विषयासाठी कृती दल स्थापन केले. २०१५ च्या कायदा दुरुस्तीनुसार खाणबाधित जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठाने अस्तित्वात आली असून त्यांचा निधी पर्यायी उपजीविकेसाठी वापरावा, अशी शिफारस अभ्यासकांनी केली आहे. रेल्वेच्या मालवाहतूक उत्पन्नात आणि कोळसा उत्पादक राज्यांच्या महसुलात कोळशाचा मोठा वाटा असल्याने हा प्रश्न रोजगारापुरता मर्यादित नाही.

## शाश्वत विकास उद्दिष्टांशी संबंध

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारलेल्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी तेरावे उद्दिष्ट हवामान कृतीविषयी आहे. त्यांच्या पूर्ततेचे मोजमाप नीती आयोग २०१८ पासून राज्यनिहाय निर्देशांकाद्वारे करतो. देशाचा एकत्रित गुणांक २०१८ मधील ५७ वरून २०२३-२४ मध्ये ७१ पर्यंत वाढला.

दारिद्र्य निर्मूलन, आरोग्य, पाणी आणि स्वच्छ ऊर्जा या उद्दिष्टांतील प्रगतीमुळे हवामान बदलाचा आघात सोसण्याची क्षमता वाढते. उलट एखादा दुष्काळ किंवा पूर अनेक वर्षांच्या कमाईवर पाणी फिरवू शकतो. म्हणून भारताच्या संदर्भात हवामान धोरणाचे मूल्यमापन करताना टाळलेल्या उत्सर्जनाबरोबरच पक्के घर, खात्रीची वीज, वेळेवर मिळणारा इशारा आणि पीक बुडाल्यावर मिळणारी भरपाई या गोष्टी किती लोकांपर्यंत पोहोचल्या, हेही पाहिले जाते.